‘संभ्रमांचा संभ्रम’ : भागाचा भाव आणि कंपनीचें हित

जुन्या कागदपत्रांच्या संग्राहकांत अलीकडे एका नव्या वस्तूची आवड दिसूं लागली आहे. सनदा, महजर, हुंड्या, वहीखात्यांचीं सुटीं पानें हीं आपण पिढ्यानुपिढ्या जमवीत आलों; त्यांच्या जोडीला आतां जुन्या व्यापारी कंपन्यांचे भाग, म्हणजे ज्यांस आपण व्यवहारांत शेअर म्हणतों, त्यांचे दाखलेहि संग्रहांत येऊं लागले आहेत. आवड स्तुत्य आहे. परंतु या कागदांबरोबर एक अनुमानहि संग्रहांत शिरतें, आणि त्याची परीक्षा वेळींच होणें अवश्य आहे. दाखल्याच्या काळचा बाजारभाव कोठें तरी सांपडतो. मग भाव चढता असेल तर कंपनी भरभराटींत होती आणि उतरता असेल तर ती खालावली होती, असें टिपण त्या कागदाला जोडलें जातें. पुढें कागद एकीकडे राहतो आणि टिपणच इतिहास म्हणून उद्धृत होऊं लागतें.

या अनुमानाच्या मुळाशीं एक प्रश्न आहे. भाग एकदां विकला गेला, त्याचे पैसे कंपनीच्या पेटींत पडले, त्यानंतर तो भाग ‘क’ नें ‘ख’ ला कितीहि भावानें विकला, तरी त्यांत कंपनीचें काय जातें? आपण एखाद्या सावकाराजवळ कर्ज काढावें आणि त्या सावकारानें आपलें खत दुसऱ्यास कमीजास्त किंमतीस विकावें, यानें आपल्या मुद्दलांत फरक पडत नाहीं. तसेंच हें आहे, कीं यांत आणखी कांहीं आहे? या प्रश्नाच्या अनुरोधानें एका जुन्या ग्रंथाचें परीक्षण करण्याचें येथें योजिलें आहे.

ग्रंथ आहे जोसेफ दे ला वेगा याचा ‘कन्फुसिओन दे कन्फुसिओनेस’. नांवाचा अर्थ ‘संभ्रमांचा संभ्रम’ असा करतां येईल. तो इ. स. १६८८ मध्यें अॅमस्टरडॅम येथें स्पॅनिश भाषेंत छापला गेला. कर्ता हा आयबेरियन वंशाच्या ज्यू व्यापाऱ्यांपैकीं, आणि विषय वलंदेजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या भागांचा अॅमस्टरडॅम येथील बाजार. आपल्या कोंकणच्या वाचकांस या कंपनीची ओळख निराळी करून देण्याचें कारण नाहीं. वेंगुर्ल्यास १६३७ सालीं वखार घालणारे वलंदेज ते हेच. मूळ आवृत्तीच्या प्रती आज अत्यंत दुर्मिळ आहेत. १९१९ सालीं जर्मन भाषांतर निघालें. १९५७ सालीं हरमान केलेनबेंझ यांनीं निवडक भागांचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें, आणि बहुतेक अभ्यासकांस ग्रंथाचा परिचय होतो तो या इंग्रजी निवडीवरून. निवड करतांना बाजाराचें वर्णन तेवढें ठेवून, ग्रंथकारानें जागोजाग पेरलेल्या पुराणकथा, धर्मग्रंथांतील दाखले व शब्दचमत्कार बरेचसे गाळले आहेत. त्यामुळें वाचन सुलभ झालें, पण मूळ ग्रंथ हा बाजाराचा अहवाल नसून एक साहित्यकृति आहे, याचा विसर पडण्यास वाव मिळाला. ही गोष्ट प्रमाण म्हणून ग्रंथ वापरणारानें मनांत वागविली पाहिजे.

ग्रंथ संवादरूप आहे. संवाद चार, बोलणारे तीन : एक तत्त्वज्ञ, एक व्यापारी आणि एक भागधारक. पहिल्या दोघांस या व्यवहाराची माहिती नाहीं. तिसरा त्यांस ती करून देतो. आपल्याकडील गुरुशिष्यसंवादाची पद्धति ज्यांस परिचित आहे त्यांस ही रचना परकी वाटणार नाहीं. फरक इतकाच कीं येथील गुरु ज्ञान देतां देतां शिष्यांस अधिकाधिक गोंधळांत टाकतो, आणि तोच ग्रंथाचा हेतु आहे.

गुण अनेक आहेत. भाग घेणारांचे तीन वर्ग वेगानें केले आहेत. कांहीं धनाढ्य केवळ वार्षिक नफ्यावर दृष्टि ठेवून भाग बाळगतात, त्यांस भावाची पर्वा नसते. कांहीं व्यापारी जपून खरेदीविक्री करतात. आणि उरलेले निव्वळ सट्टेबाज. हें वर्गीकरण आजहि टिकून आहे. तेजीवाले व मंदीवाले यांचे दोन तट, हातावर हात मारून सौदा पक्का करण्याची रीत, वायद्याचे व्यवहार, मोठा भाग झेपत नाहीं अशा लोकांसाठीं निघालेले लहान कल्पित भाग, या साऱ्यांचें वर्णन प्रत्यक्ष पाहणाऱ्याचें आहे. भावाच्या चढउताराचीं कारणेंहि तो तीन सांगतो : हिंदुस्थानाकडील वर्तमान, युरोपांतील राजकारण, आणि खुद्द बाजारांतील लोकांचें मत. हें तिसरें कारण पहिल्या दोहोंच्या पंक्तीस बसविण्यांत वेगाची मार्मिकता आहे. बाजार हा बातमीवर चालतो हें सर्वांस दिसतें. तो आपल्याच बोलण्यावरहि चालतो, हें ओळखणारे त्या काळीं थोडे होते.

परंतु ग्रंथ मिटल्यावर एक उणीव जाणवते. ज्या कंपनीच्या भागांविषयीं एवढा ऊहापोह, ती कंपनी ग्रंथांत जवळजवळ नाहीं. प्रारंभीं तिच्या स्थापनेची हकीकत येते, तिच्या वैभवाचें वर्णन येतें, गलबतें आल्याच्या वार्ता येतात. पण भाव चढल्यानें कंपनीस काय लाभलें, उतरल्यानें तिचें काय बिघडलें, हा प्रश्न तिघांपैकीं एकहि विचारीत नाहीं. तत्त्वज्ञानें तरी तो विचारावयास हवा होता. सट्ट्याचें चित्र इतकें रंगलें आहे कीं वाचकाचा ग्रह होतो, बाजार म्हणजेच कंपनी. आमच्या मतें ग्रंथाचा हा खरा दोष, आणि आरंभीं सांगितलेल्या संग्राहकांच्या चुकीचें बीजहि यांतच आहे.

वेगानें न विचारलेला हा प्रश्न त्याच्या जन्मापूर्वीं चाळीस वर्षें त्याच शहरांत जाहीर रीतीनें वादला गेला होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे हा दोष अधिकच खुपतो. वलंदेज कंपनीस सनद मिळाली ती २० मार्च १६०२ रोजीं. देशांतील कोणाहि रहिवाशास भांडवलांत रक्कम घालण्याची मुभा होती. एकंदर सुमारें ६४ लक्ष गिल्डर जमले, त्यांपैकीं निम्म्याहून अधिक एकट्या अॅमस्टरडॅमच्या शाखेंत. भाग दुसऱ्याच्या नांवें करावयाचा असेल तर कंपनीच्या वहींत नोंद करून तो करतां येईल, अशी तरतूद आरंभींच केलेली होती, आणि तींतूनच हा बाजार उभा राहिला. १६०९ सालीं आयझॅक ले मेर या जुन्या, पण कंपनीशीं बिनसलेल्या संचालकानें कांहीं साथीदार जमवून, हातीं नसलेले भाग पुढील मुदतीस देण्याच्या बोलीनें विकण्याचा सपाटा लावला. भाव पडूं लागला. संचालकांनीं सरकारकडे अर्ज केला. या विक्रीमुळें कंपनीची अब्रू जाते, भाग बाळगणाऱ्या विधवा व पोरकीं मुलें बुडतात आणि शत्रूचें फावतें, असा त्यांचा युक्तिवाद होता. उलट पक्षानें उत्तर दिलें कीं भाव आमच्यामुळें नव्हे, कंपनीच्या कारभारामुळें पडतो. अखेर फेब्रुवारी १६१० मध्यें, जवळ नसलेला भाग विकण्यास सरकारनें बंदी केली.

या वादांत न्याय कोणाकडे? प्रथमदर्शनीं उत्तर सोपें दिसतें. कंपनीची रक्कम पेटींत पडून गलबतांत व मालांत गुंतली होती. भाव निम्म्यावर आला असता तरी एक गिल्डरहि परत द्यावा लागला नसता, एकाहि जहाजाचें शीड उतरलें नसतें. मग संचालकांची ओरड कशासाठीं? ते स्वतः भागधारक होते, म्हणून ती स्वार्थाची ओरड, असें म्हणून कांहीं लेखक येथेंच थांबतात. पण सनद काळजीपूर्वक वाचली तर इतक्यांत थांबतां येत नाहीं. पहिल्या सनदेंत असें कलम होतें कीं दहा वर्षांनीं सर्व हिशेब होऊन ज्यास पाहिजे त्यास आपली रक्कम काढून घेतां यावी. ती मुदत १६१२ सालीं भरत होती. भाव पडलेला, अब्रू गेलेली, अशा स्थितींत हिशेबाचा दिवस उजाडला असता तर किती लोक रक्कम ठेवते आणि नवी रक्कम कोण घालता? म्हणजे १६१० सालीं तरी संचालकांची भीति अगदींच निराधार नव्हती. पुढें सरकारच्या संमतीनें तो हिशेब झालाच नाहीं. रक्कम कायमची अडकली. ज्यास बाहेर पडावयाचें त्यानें बाजारांत गिऱ्हाईक शोधावें, हा मार्ग तेवढा उरला. त्या दिवसापासून भावाचा कंपनीशीं असलेला हा संबंध तुटला.

येथें एक सामान्य नियम हातीं येतो. भाव हा मूळचा परक्यांच्या घरचा पाहुणा आहे. कंपनीच्या घरांत शिरण्यास त्याला दार लागतें. अशीं दारें चार दिसतात. पहिलें, कंपनीस नवें भांडवल हवें असेल किंवा जुनें परत द्यावयाचें असेल तेव्हां. दुसरें, तिला कर्ज काढावयाचें असून सावकार भावावरून तिची पत जोखीत असतील तेव्हां. तिसरें, भाग विकत घेऊन कारभारांत मत मिळत असेल तेव्हां. चौथें, कंपनीनें स्वतःच भागांच्या तारणावर पैसा गुंतविला असेल तेव्हां. यांतील जेवढीं दारें उघडीं, तेवढें भावाचें कंपनीच्या घरांत चालतें. सर्व बंद असतील तर बाहेर कितीहि कोलाहल होवो, आंत तो ऐकूं येत नाहीं.

वेगाच्या काळची वलंदेज कंपनी या कसोटीवर पाहावी. नव्या भांडवलाचें दार बंद होतें. १६०२ सालच्या रकमेंत पुढें जवळजवळ दोनशें वर्षांत म्हणण्यासारखी भर पडली नाहीं. मताचें दार बहुतेक बंद होतें. संचालकांच्या जागा शहरांच्या सत्ताधारी मंडळींच्या हातीं होत्या, आणि १६२२-२३ च्या सुमारास भागधारकांनीं पुस्तिका छापून मोठी ओरड केली तेव्हां मोठ्या भागधारकांस हिशेब पाहण्याचे थोडेसे हक्क मिळाले, इतकेंच. कंपनी कर्ज काढीत असे, तेवढें दुसरें दार किलकिलें होतें. पण कर्ज देणारा सावकार मसाल्याच्या विक्रीकडे व परतणाऱ्या गलबतांकडे पाहत असे, आणि भाव हा त्याच गोष्टींचा उशिरां येणारा पडसाद होता. १७८० ते १७८४ च्या इंग्रजांशीं झालेल्या युद्धांत ही कंपनी मोडकळीस आली ती गलबतें व व्यापार गमावल्यानें. १७९६ सालीं सरकारनें ती ताब्यांत घेतली व १७९९ च्या अखेरीस ती संपली. भाव या काळांत पडलाच, पण तो मागून पडला. म्हणून वेगाच्या ग्रंथांत कंपनी दिसत नाहीं याला एक प्रकारें सबळ कारण आहे : त्या बाजाराचा कंपनीशीं संबंधच विरळ होता. मात्र हें कारण ग्रंथकारानें ओळखून सांगितलेलें नाहीं. तें आपणांस बाहेरून आणावें लागतें.

आतां याच्या उलट उदाहरण घेऊं, आणि तें आपल्या इतिहासाच्या अगदीं जवळचें आहे. लंडन येथील इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनींत तिसरें दार सताड उघडें होतें. पांचशें पौंडांचा भाग ज्याच्या नांवें असेल त्यास भागधारकांच्या सभेंत एक मत असे, आणि संचालकांची निवडणूक दरसाल याच मतांवर होई. निवडणुकीपूर्वीं मोठ्या धारकांनीं आपले भाग पांचपांचशेंचे तुकडे करून हस्तकांच्या नांवें करावे आणि मतें वाढवावींत, ही चाल सर्रास पडली होती. अशा घरांत १७६६ सालीं बंगालच्या दिवाणीची बातमी शिरली.

दिवाणी मिळाली ती १७६५ च्या ऑगस्टांत. लंडनला वार्ता पोंचली १७६६ च्या वसंतांत. वार्ता जाहीर होण्यापूर्वींच क्लाइव्हनें आपल्या लंडनच्या मुनिमांस कंपनीचे भाग घेण्याविषयीं लिहून ठेवलें होतें. भाव चढूं लागला. उसन्या पैशावर व वायद्यावर भाग घेतलेल्यांस भाव आणखी चढावयास हवा होता, आणि भाव चढविण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे नफ्याची वांटणी वाढविणें. तो उपाय त्यांच्या हातांत होता, कारण मत त्यांच्या हातांत होतें. संचालकांचा विरोध असतां भागधारकांच्या सभेनें १७६६ च्या सप्टेंबरांत वांटणी सहा टक्क्यांवरून दहा टक्के केली, व १७६७ च्या मे महिन्यांत साडेबारा. पार्लमेंटनें त्याच वर्षीं वांटणीस दहा टक्क्यांची मर्यादा घातली, मतांसाठीं भाग फोडण्यास आळा घातला, आणि कंपनीपासून दरसाल चार लक्ष पौंड सरकारांत घेण्याचें ठरविलें. तरी तेजी संपली नाहीं. १७६९ सालीं शंभर पौंडांचा भाग २७० पौंडांच्या वर गेला. मग हैदर अल्लीशीं चाललेल्या युद्धाची प्रतिकूल बातमी त्या वर्षाच्या मे महिन्यांत लंडनला येऊन थडकली आणि भाव कोसळला.

या प्रसंगीं बंगालच्या तिजोरींत खरोखर किती शिल्लक होती, हें लंडनच्या सभेंत मत देणारांपैकीं फार थोड्यांस ठाऊक होतें. १७६९-७० सालीं बंगालमध्यें भयंकर दुष्काळ पडला. वांटणी मात्र पुन्हा चढत चढत १७७१ पर्यंत साडेबारा टक्क्यांस गेली. १७७२ च्या शरदांत देणीं भागेनात, वांटणी थांबवावी लागली, आणि कंपनी सरकारच्या दारांत उभी राहिली. १७७३ सालीं चौदा लक्ष पौंडांचें कर्ज मिळालें. त्या बदल्यांत वांटणीवर सहा टक्क्यांचें बंधन आलें आणि रेग्युलेटिंग अॅक्ट झाला. मताची पात्रता पांचशेंवरून हजार पौंडांवर नेली गेली, व भाग वर्षभर नांवें असल्याशिवाय मत नाहीं असें ठरलें. म्हणजे पार्लमेंटनेंहि रोगाचें ठिकाण तिसऱ्या दाराशींच ओळखलें होतें.

हाच अॅक्ट आपल्या अभ्यासकांस दुसऱ्या नात्यानें परिचित आहे. यानेंच युद्ध व तह यांच्या बाबतींत मुंबईकर इंग्रज कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलच्या ताब्यांत गेले. १७७५ च्या मार्च महिन्यांत मुंबईकरांनीं रघुनाथरावाशीं सुरतेस तह केला. कलकत्तेकरांनीं तो नापसंत केला, कर्नल अप्टन यास पुण्यास पाठविलें, आणि १ मार्च १७७६ रोजीं बारभाईंशीं पुरंदरचा तह झाला. सुरत व पुरंदर या दोन तहांतील विसंगति सांगतांना आपण इंग्रजांची दुटप्पी नीति, हेस्टिंग्ज व त्याचें कौन्सिल यांचा कलह, मुंबईकरांचा उतावीळपणा हीं कारणें सांगतों, आणि तीं खरींच आहेत. परंतु कलकत्त्यास हा अधिकार आला कोठून, हें विचारीत मागें गेलें तर वाट कंपनीच्या दिवाळखोरीशीं, तेथून फुगविलेल्या वांटणीशीं, आणि तेथून लंडनच्या भागबाजारांतील तेजीशीं जाऊन पोंचते. भावामुळेंच पुरंदरचा तह झाला असें म्हणणें मूर्खपणाचें होईल; बंगालचा लष्करी खर्च, दुष्काळ, इंग्लंडांतील पेढ्यांचा १७७२ चा गडगडाट हीं कारणें त्या साखळींत आहेतच. पण साखळींतील एक कडी लंडनच्या दलालांच्या गल्लींत घडली होती, एवढें निश्चित. नाना फडणविसांचीं पत्रें वाचणाऱ्यास या गल्लीची माहिती असण्यांत तोटा नाहीं.

चौथ्या दाराचें उदाहरण मुंबईंतच सांपडतें. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ पासून कापसाचा भाव चढला व मुंबईंत पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीच्या पांच हजार भरलेल्या भागास बाजारांत त्याच्या कितीतरी पट रक्कम मिळूं लागली. १८४० सालीं स्थापन झालेल्या बँक ऑफ बाँबेनें १८६३ च्या कायद्यानें बंधनें सैल झाल्यावर अशा भागांच्या तारणावर मोठालीं कर्जें दिलीं. १८६५ च्या वसंतांत अमेरिकेंतील युद्ध संपलें, तारण कागदाच्या मोलाचें राहिलें, आणि १८६८ सालीं बँक मोडली. सर चार्लस जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी मंडळ बसलें. येथें बँकेस बुडविलें तें तिच्या स्वतःच्या भागाच्या भावानें नव्हे, इतरांच्या भागांच्या भावानें. आणि तोहि तिनें आपल्या हातानें दार उघडून आंत घेतला होता. याच मुंबईंत दुसरीहि बाजू दिसते. एल्फिन्स्टन कंपनीचे भागहि त्या वावटळींत सांपडले; पण तिनें समुद्रांतून काढलेली जमीन वावटळीनें वाहून गेली नाहीं. पुढें सरकारनें ती विकत घेतली, आणि १८७३ सालीं स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टच्या हातीं ती आली. भाव पडला, बंदर राहिलें.

शेवटीं एक चमत्कारिक दाखला देऊन हा विचार पुरा करूं. इंग्रज कंपनीचा व्यापार १८३३ च्या कायद्यानें बंद झाला. भागधारकांस हिंदुस्थानच्या उत्पन्नांतून दरसाल साडेदहा टक्के द्यावेत, आणि चाळीस वर्षांनीं शंभरास दोनशें पौंड देऊन भाग फेडून टाकावेत, असें त्या कायद्यानें ठरविलें. १८५८ सालीं राज्यहि गेलें. तरी भाग होते, त्यांचा भाव होता, खरेदीविक्री होती, ती १८७४ सालीं कंपनीचें विसर्जन होईपर्यंत. व्यापार नाहीं, गलबत नाहीं, राज्य नाहीं, पण भाव आहे. वेगाच्या बाजारांत कंपनी असून भावाशीं तिचा संबंध नव्हता. येथें भाव असून कंपनीच नाहीं. आणि त्या भावामागची रक्कम कोण भरीत होता? ती आपल्याकडील रयत सारापट्टींतून भरीत होती. लंडनचा धारक तो दाखला किती पौंडांस विकतो याचें त्या रयतेस कांहीं नव्हतें. साडेदहा टक्के मात्र तिला चुकले नाहींत.

तेव्हां, भागाचा भाव कंपनीस महत्त्वाचा कीं नाहीं, या प्रश्नास एकच सरधोपट उत्तर नाहीं. उत्तर भावाच्या पत्रकांत नसून कंपनीच्या घटनेंत आहे : सनदेंत, सभेच्या नियमांत, कर्जाच्या खात्यांत. वेगाचा ग्रंथ वाचावाच. बाजारांतल्या माणसाच्या लोभाचें व भयाचें इतकें जुनें आणि इतकें सजीव चित्र दुसरें नाहीं. पण तो बाजाराचा साक्षीदार आहे, कंपनीचा नव्हे. आणि साक्षीदारानें जें पाहिलें नाहीं तें त्याच्या तोंडीं घालूं नये.

संग्राहकांस यांतून एक व्यवहाराची सूचना करावीशी वाटते. नेदरलंड्समध्यें हॉर्न येथील दप्तरखान्यांत २०१० सालीं वलंदेज कंपनीच्या एंकहाउझेन शाखेचा १६०६ सालचा एक दाखला सांपडला. आज माहीत असलेल्या भागदाखल्यांत तो सर्वांत जुना मानला जातो, आणि त्याचा गाजावाजाहि झाला. पण तो कागद म्हणजे भाग नव्हे. रक्कम भरल्याची ती पावती आहे. भाग होता तो कंपनीच्या वहींतील नोंदींत. पावती हरवली तरी हक्क जात नसे, नोंद फिरली कीं हक्क जाई. त्या कागदाचें खरें मोल त्याच्या पुढील पानांवर आहे, जेथें धारकास वेळोवेळीं मिळालेल्या वांटणीच्या नोंदी आहेत. कारण भाव धारकाधारकांतला, पण वांटणी कंपनीच्या पेटींतून बाहेर पडलेली. आपल्याकडेहि जुन्या गिरण्यांचे, पेढ्यांचे, जहाजी कंपन्यांचे रंगीत दाखले जपून चौकटींत लावले जातात, आणि त्याच कपाटांतल्या सभांच्या टिपणांच्या वह्या, खतावण्या, वांटणीचे तक्ते रद्दींत जातात. दाखला पाहण्यास सुंदर आहे, वही पाहण्यास कुरूप आहे. परंतु कंपनी काय होती हें वही सांगेल. दाखला सांगेल तें एवढेंच, कीं तिच्याविषयीं एके काळीं कोणास तरी आशा वाटली होती. जागा दोहोंपैकीं एकालाच असेल, तर ती वहीला द्यावी.